दादाची धार

आमच्या दुकानात एक नियम आहे आणि तो मीच लावलेला आहे. किंमत ठरेपर्यंत सुरीच्या धारेला दगड लागता कामा नये. कारागिराने जशी आणली तशीच ती टेबलावर यायला हवी. नाहीतर काय होतं, आपण दगडावर चार हात मारतो, सुरी झकास चालते, आणि आपल्याच हातावर खूश होऊन आपण कारागिराला भाव देऊन बसतो. इथेच जरा दगड लावून बघा म्हणणाऱ्या निदान दहा कारागिरांना मी आजवर हे सुनावलं आहे, त्यातल्या दोघांना तर जरा जास्तच.

आमच्याकडे हाताने घडवलेल्या जपानी पद्धतीच्या सुऱ्या येतात. मधे कडक पोलाद, दोन्ही अंगांना मऊ लोखंड. मालकांची नजर पाच वर्षांपूर्वी अधू झाली, तेव्हापासून त्यांचे डोळे म्हणजे मी. पातं खिडकीच्या उजेडात धरून सरळ आहे का ते मी पाहते, पाठीवरून बोट फिरवते, मूठ हातात नीट भरते का बघते. मग कागद, मग टोमॅटो. मालक खुर्चीत बसून कागद कापल्याचा आवाज ऐकतात. मी आकडा सांगते, ते मान हलवतात. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या नवऱ्यानेही कधी टाकलेला नाही.

दादा माझा थोरला भाऊ. बावीस वर्षं कारखान्यात लेथवर होता. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्याने घरामागे भट्टी घातली. वहिनी म्हणाली, चाळिशी उलटली की लोक केस रंगवतात, आमचे हे लोखंड रंगवायला निघालेत. ती हसत म्हणाली होती, पण दुसऱ्या वर्षी तिचं हसू आटलं. शेवटी दादाने तिला शब्द दिला. या महिन्यात दुकानाने सुरी घेतली तर ठीक, नाहीतर भट्टी मोडायची आणि कारखान्यात परत जायचं. जुन्या फोरमनने महिनाअखेरपर्यंत त्याची जागा धरून ठेवली होती.

महिना संपायला बारा दिवस असताना तो सकाळीच सुरी घेऊन माझ्या घरी आला. कापडात गुंडाळलेली. म्हणाला, तूच घेऊन जा, मला मालकांसमोर उभं राहवणार नाही. चहासुद्धा न पिता गेला. सुरी माझ्या भावाची आहे हे मी मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं. ते एवढंच म्हणाले होते की मग जास्त कडक बघ.

मालक दहाला येतात. मी साडेआठलाच दुकान उघडलं आणि कापड सोडलं. पातं सरळ होतं. पाठ अशी गोल केलेली की तासभर भाजी चिरली तरी बोटाला घट्टा पडू नये. मला भरून आलं, खरंच. मग मी धार कागदावर ओढली. कापला, पण शेवटाकडे जरा अडला. धार वाईट नव्हती, किंचित जाड होती.

तिथेच थांबायला हवं होतं. पण जित्याची खोड. दगड पाण्यात भिजतच पडला होता. मी मनाशी म्हटलं, एवढंसंच तर आहे, आणि दोन्ही बाजूंना सहा सहा हात मारले. कागद केसासारखा चिरत गेला. मी दगड पुसून ठेवला आणि हात धुतले.

मालक आले. कागदाचा आवाज ऐकून त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पुन्हा कापायला लावला. मी आकडा सांगितला, आमच्याकडे नव्या माणसाला कधीच मिळत नाही असा. त्यांनी मान हलवली. पण आमच्याकडे सुरी आधी आठ दिवस एका हॉटेलच्या आचाऱ्याकडे जाते. त्याच्या हातात टिकली तरच सौदा पक्का होतो. धार एका सकाळीत दिसते, टिकाव आठवड्याने कळतो.

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कडक पोलादाची धार फार बारीक केली तर तिला दाते पडतात, हे मी झोपेतही सांगू शकते. मी किती बारीक केली होती? सहा हात. की आठ? जोर किती दिला होता? दादाचा रोज फोन यायचा, आज पुढच्या दोन ठोकल्या, आज त्यांना लाल तापवून पाणी दिलं. वहिनीने मागून ओरडून सांगितलं की नणंदबाई, तुमच्यामुळे भट्टीच्या धुराने माझं घर पुन्हा काळं झालं, आणि हसली. मी पण हसले. मालकांना सांगून टाकावं म्हणून तीनदा त्यांच्या खुर्चीपाशी गेले आणि तीनदा चहा हवा का विचारून परत आले.

नवव्या दिवशी सुरी परत आली. मी काही बोलायच्या आत मालकांनी धारेवरून अंगठा आडवा फिरवला. टाचेकडे, मुठीजवळ, दोन दाते पडले होते.

"पाणी चुकलंय," मालक म्हणाले. "पोलाद ठिसूळ झालंय. बोलव त्याला."

दादा अर्ध्या तासात आला. त्याने सुरी उजेडात धरली, दात्यांवरून नख फिरवलं. भांडेल, काहीतरी कारण देईल असं मला वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला की चुकलंच असेल, मला त्या दिवशी तापमानाचा अंदाज नीट आला नव्हता. मग त्याने खिशातून फोन काढला आणि फोरमनचा नंबर शोधू लागला. चष्मा घरी राहिला होता म्हणून फोन लांब धरून. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा म्हणजे मी, तिथे टेबलाला टेकून उभी होते.

"दादा, फोन ठेव," मी म्हटलं. "पाणी बरोबर आहे. धार मी बारीक केली. मालक, तुम्ही यायच्या आधी मी तिला दगड लावला होता."

मालकांनी सुरी हातात घेतली. मग उठले, चाचपडत दगडापाशी गेले आणि स्वतः बसले. पाच वर्षांत पहिल्यांदा. दाते जाईपर्यंत त्यांनी धार घासली आणि ती जाडच ठेवली, दादाने ठेवली होती तशी. मग सुक्या लाकडाची एक काडी घेऊन त्यांनी सुरीने तिचे तुकडे पाडले, वीस-पंचवीस तरी. शेवटी धारेवरून पुन्हा अंगठा फिरवला. एकही दाता नव्हता, म्हणजे पोलाद ठिसूळ नव्हतं.

ते दादाला म्हणाले की सुरी मी ठेवतो, भाव तोच, पुढच्या घेऊन या. माझ्याकडे तोंड करून म्हणाले की उद्यापासून तू फक्त दगडावर बस, किंमत मी माझी लावीन. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? भट्टी वाचली होती. छातीवरचा धोंडा उतरला असं मला वाटलं.

दादाला सोडायला मी दारापर्यंत गेले. तो आनंदात असेल अशी माझी समजूत होती. पायरीवर थांबून त्याने विचारलं, "माझी धार तुला पुरेशी वाटली नाही का गं?"

जरा जाड होती, हे खरं होतं. आणि ती तशीच हवी होती, हेही खरं होतं.

पंधरा दिवसांनी तो पुढच्या दोन सुऱ्या घेऊन आला. माझ्या शेजारून जाताना त्याने मुलांची चौकशी केली, वहिनीने दिलेला डबा माझ्या हातात ठेवला, आणि सुऱ्या सरळ मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. दोन्हींच्या धारांवर टाचेपासून टोकापर्यंत चिकटपट्टी लावलेली होती.