भीमाबाईंचे पान

मित्रांनो, मी एक जुना लेख आहे, इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशातला. तिथे कुणीही लिहावे आणि कुणीही खोडावे, अशी रीत आहे. सध्या मी वगळलेला आहे, म्हणून तुम्हाला दिसत नाही.

माझा जन्म रायपूरचा. गाव नव्या राज्याची राजधानी झाले होते आणि जिकडेतिकडे रस्ते रुंद होत होते. तेलीबांधा या वस्तीतल्या एका अंगणात भीमाबाई तीस वर्षे रेल्वे कामगारांच्या बायकांना मराठी लिहायला-वाचायला शिकवत. त्या वारल्या, मग अंगणही रस्त्यात गेले. तेव्हा त्यांची विद्यार्थिनी वनमालाबाई आपल्या सुनेजवळ, भावनाजवळ, बसल्या आणि त्यांनी बाईंविषयी आठवेल तसे सांगितले. भावनाने ते टाइप केले. बाईंचे नाव आता फक्त माझ्यात उरले आहे, या विचाराने मी अगदी फुगून गेलो होतो.

दोन वर्षे मला कुणी फारसे उघडले नाही. मग आला साफसफाई करणारा एक संपादक. त्याने माझ्या कपाळावर पाटी लावली: 'छापील पुरावा नाही. सात दिवसांत द्या, नाहीतर लेख वगळू.' त्याच्यावर माझा राग नाही. माझ्या शेजारी रोज काय काय उगवत होते! कुणी दुकानाची जाहिरात टाकून जाई, कुणी स्वतःलाच थोर कवी म्हणवून घेई. झाडू फिरवणारा कुणीतरी हवाच.

वनमालाबाई मात्र खवळल्या. "पुरावा? मीच तर आहो पुरावा! बाईनं हात धरून गिरवून घेतलं मले. हे लोक काहून ऐकून नाही राहिले?"

"आई, छपा हुआ कुछ चाहिए उनको," भावना म्हणाली. "वैसे नीचे सब लोग अपनी राय दे सकते हैं."

झाले! वनमालाबाईंनी सगळा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, गोळा केला. शेवंता, कुसुम, अशा अकरा जणी आल्या. एकाच दुपारी, भावनाच्या एकाच संगणकावर, प्रत्येकीने आपले नाव नोंदवले आणि एका बोटाने टाइप केले: 'ठेवा. बाईनं मले शिकवलं.' मला वाटले, वाचलो.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले: 'एकाच ठिकाणाहून एकच मजकूर. ही सगळी एकाच व्यक्तीची खोटी खाती आहेत.' अकराही मतांवर रेघ ओढली गेली. चांगल्या हाडामांसाच्या बाया खोट्या ठरल्या आणि आठव्या दिवशी मी वगळला गेलो.

पण मित्रांनो, इथे वगळलेले पान पुसले जात नाही. पडद्यामागे मी जसाच्या तसा आहे, माझी एक वेलांटीही हललेली नाही. मात्र इकडे कुणी येत नाही. फार एकटे वाटते.

महिन्याभराने वनमालाबाईंनी आपल्या खात्याच्या पानावर लिहिले: 'भीमजयंतीची जुनी स्मरणिका सापडली. त्यात बाईचा फोटो अन् पानभर माहिती छापून आहे. पण आता काय करू? लेख तर फाडून टाकला त्यांनी.' त्याखाली कुणीही उत्तर दिले नाही. त्या पुन्हा आल्या नाहीत.

पुरावा दाखवून एका ओळीची विनंती केली की लेख परत आणता येतो, हे त्यांना कुणी सांगितलेच नाही. मित्रांनो, लिहिताना पुरावा जपून ठेवा. खोडावे लागले तर खोडा, पण समोरच्याला परतीची वाट सांगून खोडा. आणि तुमच्यापैकी कुणी रायपूरला गेलात, तर वनमालाबाईंना माझा निरोप द्या: भीमाबाई अजून आहेत, फक्त मागून घ्या.