पाजायची सुट्टी

"श्वास सोड गं, टाचणी टोचेल," थोरली म्हणाली. तिच्या स्वतःच्या ओठांत दोन टाचण्या होत्या.

धाकटी जाऊ आरशासमोर हात पसरून उभी होती. उद्यापासून तिचं ऑफिस सुरू होणार होतं आणि जुना एकही ब्लाऊज अंगात शिरत नव्हता.

"ताई, छातीशी आतून दुहेरी अस्तर लावाल? म्हणजे दिवसभर..."

"कळलं."

थोरलीनं निळ्या खडूची रेघ ओढली, जरा जोरातच.

दोघी एकाच महिन्यात बाळंत झाल्या होत्या. थोरलीला मुलगा, धाकटीला मुलगी. इथवर देवानं दोघींना सारख्या मापानं दिलं. पुढचं माप ऑफिसच्या हातात होतं. धाकटीला सहा महिने भरपगारी रजा, वर साहेबांचा फोन: तुमची खुर्ची तुमचीच आहे, काळजी करू नका. थोरलीची खुर्ची म्हणजे मशीनपुढचं स्टूल. शाळेच्या गणवेशांचा अख्खा हंगाम तिनं पोटुशीपणात काढला आणि बाळंतपणाचे टाके भरायच्या आत पुन्हा पायडलवर पाय ठेवला. तरी तेवढ्या दिवसांत निम्मी गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेली, ती गेलीच. स्वतःचा धंदा करणाऱ्या बायकांनाही एका विमा योजनेतून बाळंतपणाचा भत्ता मिळतो, हे धाकटीनंच कुठूनसं विचारून आणलं होतं. पण त्याची वर्गणी दिवस राहण्याआधीपासून भरलेली लागते म्हणे. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग! भत्ता हुकल्याचं थोरलीला तितकं लागलं नाही. तो धाकटीनं विचारून आणला, ते लागलं.

उगाच आडपडदा कशाला, तिच्या पोटात दुखत होतं. सहा महिने पलीकडच्या खोलीत धाकटी लेकीला कुशीत घेऊन दुपारची झोपायची. अलीकडच्या खोलीत थोरली एका पायानं पायडल मारायची आणि दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी बांधून ठेवायची.

आणि आता सासूबाईंनी निकाल दिला होता.

"पोरीला तू बघ. तू काय, घरीच असतेस."

 त्या रात्री थोरलीनं ब्लाऊजचं अस्तर उसवून दोनदा लावलं.

पहिल्या दिवशी धाकटी पहाटे उठून दूध काढून ठेवून गेली. पोरीनं बाटली तोंडाला लागू दिली नाही. रबराची बोंडी जिभेनं ढकलायची आणि टाहो फोडायची. तिचं ऐकून मुलगाही सुरू झाला. मशीनवर संध्याकाळी द्यायचं काम अर्धवट पडलेलं. शेवटी थोरलीनं कंटाळून पोरीला छातीशी धरलं. चार घोटांत घर शांत झालं.

धाकटी येईल तेव्हा बाटली भरलेली दिसायला नको, म्हणून तिनं ते दूध मोरीत ओतलं. नळ सोडला, बाटली विसळून पालथी घातली.

संध्याकाळी धाकटी चपला न काढताच आत आली आणि पोरीला पदराखाली घेतलं. पोरीनं हुंगलं, मान फिरवली आणि मजेत हुंकार दिला. पोट भरलेलं होतं.

"बाटली प्यायली?"

"संपवली सगळी."

धाकटीच्या ब्लाऊजवर, दुहेरी अस्तरातूनही, ओल उमटली होती. ती बघून थोरलीचे डोळे निवले. जगातलं एक तरी सुख असं निघालं, की जे आपल्याकडे होतं आणि हिच्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं बाटली तोंडाला लावूनही पाहिली नाही. सरळ मोरीत. आणि धाकटी यायच्या सुमारास पोरीला मुद्दाम आणखी एकदा पाजायची, काठोकाठ.

असा महिना गेला. मग एका रात्री जेवताना धाकटी म्हणाली,

"उद्यापासून दुपारी येत जाईन मी. तान्हं मूल असलं की मधे पाजायला सोडावंच लागतं ऑफिसला. मला माहीतच नव्हतं. कायद्यात आहे."

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रजेला कायदा, खुर्चीला कायदा, आणि आता पाजायलासुद्धा कायदा! हिच्या कुशीवर वळण्यालाही कुणी कायदा करून ठेवला असेल.

दुसऱ्या दिवशी पोरगी भुकेनं उठली तेव्हा थोरली कापड बेतत होती. तिनं खडू ठेवला, पोरीला उचललं. एक हुक काढला. दुसरा काढला. आता पाजलं, तर धाकटी बसचे धक्के खात यायची आणि तशीच कोरडी परत जायची. जाऊ दे. कळू दे तिलाही एकदा.

पोरगी तोंड उघडून शोधत होती. थोरली तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं हुक लावले, आधी एक, मग दुसरा, आणि करंगळी पोरीच्या तोंडात दिली.

करंगळीनं काय होतंय! पोरीनं आळी डोक्यावर घेतली. थोरली दारापासून मशीनपर्यंत फेऱ्या मारत राहिली आणि "येतेय गं, येतेय तुझी आई," म्हणत राहिली. तिचा स्वतःचा ब्लाऊज ओला झाला. त्याला अस्तर लावायचं तिला सुचलंच नव्हतं.

धाकटी धापा टाकत आली आणि दाराशीच भिंतीला टेकून बसली. पोरगी अशी तुटून पडली की धाकटीच्या तोंडून हाय निघालं. मग नुसता घोटांचा आवाज.

थोरली मशीनवर बसली, पण पायडल मारलं नाही.

"ताई," धाकटी लेकीवरची नजर न काढता म्हणाली, "उद्यापासून बाटली ठेवत नाही मी. पहाटे उठवत नाही हो. आणि तशीही ती मोरीतच जाते."

थोरलीनं वळून पाहिलं.

"हिच्या गालावर रोज निळा खडू असायचा," धाकटी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? हिचं पोट भरलेलं असतं, म्हणून तर मला ऑफिसात बसवतं." ती थांबली. पोरीचा गाल तिनं अंगठ्यानं पुसला. आज तिथं काही नव्हतं. तरी तिनं पुन्हा पुसला. "फक्त संध्याकाळचं तेवढं... संध्याकाळी थोडी उपाशी ठेवाल तिला? माझ्यासाठी?"

पाळण्यात मुलगा चुळबुळला. थोरलीनं दोरी अंगठ्यात अडकवली.

"पाज नीट," ती म्हणाली. "घाई करू नकोस. ऑफिसनं दिलीय ना सुट्टी?"

आणि बराच वेळ तिनं मशीन सुरू केलं नाही.