हनीफासाठी चाळीस माणसं

ऑगस्टात कुवेतमध्ये कुवेती माणूस सापडणं कर्मकठीण. जो तो लंडनला, नाहीतर तुर्कस्तानच्या डोंगरात गारवा खायला पळालेला. आणि नेमका याच महिन्यात हनीफा गेला. एकोणतीस वर्षं त्यानं दुआइजच्या घरची गाडी चालवली, आणि त्या सकाळी गाडी पुसता पुसता खाली बसला तो बसलाच.

दुआइजनं श्रीलंकेला, पुत्तलमला फोन लावला. हनीफाची बायको सित्ती लग्नाआधी चार वर्षं याच घरात स्वयंपाकाला होती, त्यामुळे तिला अरबी येई. आधी ती नुसती रडली. मग म्हणाली, "तिथंच माती द्या, बाबा. पेटीत घालून ताटकळत ठेवू नका त्यांना. पण एक सांग, नमाजेला चाळीस माणसं उभी राहतील ना? चाळीस जणांनी मिळून माफी मागितली की वर ऐकलं जातं. आमच्या गावात चारशे आली असती रे!"

"राहतील, मावशी. माझा शब्द."

शब्द देऊन मोकळा झाला खरा, पण माणसं आणायची कुठून? त्यानं संध्याकाळच्या बैठकीतल्या मित्रांच्या आणि भाऊबंदांच्या ग्रुपवर निरोप टाकला. बासष्ट जणांनी बासष्ट वेळा 'देव त्याला क्षमा करो' लिहिलं, सगळ्यांनी परदेशातून. एका चुलतभावानं तर पाठोपाठ धबधब्याचा फोटो पाठवला, बेशरम कुठला! दुआइज बोटं मोजत बसला. आपण, धाकटा भाऊ, शेजारचे दोन म्हातारे. पाचवं बोट काही दुमडेना.

समोरच्या इमारतीचा राखणदार शहाता, मिसरचा, म्हणजे इजिप्तचा माणूस, फाटकाशी येऊन उभा राहिला. डोळे लाल झालेले. "किती वाजता?"

"तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजेनंतर. तू येशील ना?"

"हे काय विचारणं झालं?" शहाता उखडलाच आणि फोन कानाला लावत निघून गेला.

पाच झाले, दुआइजनं मनाशी म्हटलं.

दुपारी कब्रस्तानाच्या बाहेर गाडी लावायला जागा नव्हती. ऊन असं की श्वास घेतला तरी पोळावं. कुणीतरी बडं माणूस गेलेलं दिसतंय, आता या गर्दीत आपल्या हनीफाकडे कोण बघणार, या विचारानं दुआइजचा जीव खाली-वर झाला. त्यानं एका उंच सुदानी माणसाला विचारलं, "कुणाची मयत आहे?"

त्या माणसानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "हनीफाभाईंची. तुम्ही ओळखत नव्हता?"

दुआइज धावतच आत शिरला.

आत ओळी लागल्या होत्या. बांगलादेशी, पठाण, मिसरी, इथियोपियाचे, केरळचे, सीरियाचे. कुणी मालकिणीला गाडीतच बसवून आला होता, कुणी हॉटेलच्या गणवेशात. मागं भिंतीलगत नेपाळी आणि फिलिपिनो ड्रायव्हर पाण्याच्या बाटल्यांचे खोके घेऊन उभे. त्यांचा धर्म वेगळा, म्हणून ते ओळीत नव्हते, पण टोप्या काढून हातात धरलेल्या. दुआइजनं मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत तो चुकला, पुन्हा मोजलं, पुन्हा चुकला. हे सगळं गाव इथंच होतं, आणि आपण परदेशातली माणसं मोजत बसलो!

माती दिल्यावर इमामांनी विचारलं, "मयताच्या घरचं कोण?"

दुआइज पुढं झाला. एकेक जण येऊन त्याच्या खांद्याला खांदा टेकवून सांत्वन करू लागला.

"बॅटरी उतरली की हनीफाभाईच यायचे."

"शाळेच्या फाटकाशी गाड्यांच्या रांगेत माझा नंबर धरून ठेवायचे."

एका पिकल्या दाढीच्या पठाणानं त्याचा हात सोडलाच नाही. "तू दुआइज ना? हनीफाभाईंच्या गाडीत मागच्या सीटवर एक बूट काढून झोपायचास. तुला जाग येऊ नये म्हणून आम्ही सगळे दबक्या आवाजात बोलायचो."

दुआइजला रडू आवरेना. ही माणसं त्याला लहानपणापासून ओळखत होती, आणि त्याला त्यांच्यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. सित्ती होती. "बाबा, झाले का रे चाळीस?"

"मावशी, मला मोजताच येईनात."

"इतके? कोण कोण होतं?"

काय सांगणार कपाळ! त्यानं फोन पठाणाच्या हातात दिला. "काका, तुमचं नाव आणि गाव सांगा तिला."

पठाणानं सांगितलं. मग सुदान्यानं. मग शहातानं, मग भिंतीजवळच्या नेपाळ्यानं. फोन हातोहात पुढं सरकत राहिला आणि पलीकडून सित्ती प्रत्येक नाव पुन्हा उच्चारत राहिली. उन्हानं तापून फोन बंद पडला, तेव्हा चार जणांनी आपापले फोन पुढं केले. दुआइज वाळूत बसून ऐकत होता, आणि नाव सांगणाऱ्यांची रांग अजून फाटकापर्यंत होती.