मागच्या काठीवरचे शीड

मित्रांनो, फळीवर चौपदरी घडी घालून ठेवलेले जाड, मळकट कापड दिसते ना, ते मी. घरी आलेले लोक विचारतात, "हे पोतं कशाला जपून ठेवलंय?" त्यांचे तरी काय चुकते? माझा रंग उडाला आहे, कडांना गंजाचे डाग पडले आहेत. पण मी पोते नाही. विटा वाहणाऱ्या एका होडीचे मी छोटे शीड होते. होडी पळवणे हे माझे काम नव्हते. तिला एका जागी शांत उभी ठेवणे, हे माझे काम.

तुम्हाला वाटेल, नांगर टाकला की होडी उभी राहतेच. तसे होत नाही. वारा तिचे नाक ढकलतो, की ती एका बाजूला पळते. नांगराचा दोर तिला हिसका देतो, की ती दुसऱ्या बाजूला पळते. दाव्याला बांधलेले द्वाड वासरू पाहिले असेल तुम्ही, अगदी तसे. विटा उतरवून आमची होडी हलकी झाली की विचारूच नका! चुलीवरचे भांडे उलटायचे, झोपलेली बाळे गडगडत जायची.

नावाड्याच्या बायकोने एकदा दिवसभर हे नुसते पाहिले. मग ती म्हणाली, "अहो, हिला शेपूट हवं मागे." तिने मोठ्या शिडाचा फाटका कोपरा कापला, दुहेरी टाक्यांनी शिवला आणि मी जन्माला आले. होडीच्या मागच्या टोकाला एक आखूड काठी उभी केली. तिथे मला ताणून बांधले की वारा माझ्या गालावर बसे आणि होडीचे नाक आपोआप वाऱ्याकडे वळे. भांडे चुलीवर टिकू लागले.

शेजारचे नावाडी हसत. "काय हो, होडीला शेपूट फुटलं का?"

"फुटलं की! तुमच्या होडीला अजून अक्कल फुटायची आहे," असे आमचा नावाडी म्हणे. वर्षभरात तिघांनी येऊन माझे माप नेले.

ती माउली पुढे तापाने गेली. तिच्यामागे नावाड्याने एक नेम धरला. नांगराने तळ धरला की आधी मला चढवायचे, मग पाण्याचा घोट घ्यायचा. ऊन असो, भूक असो, नेम म्हणजे नेम. मुलगा आणि मुलगी मोठी झाली, होडीवर राबू लागली, तरी मला बांधणारे हात नावाड्याचेच. माझे ते सोन्याचे दिवस होते.

मग तो दिवस आला. विटा रचता रचता नावाडी खाली बसला तो उठलाच नाही. उजवे अंग गेले, वाचा गेली. दवाखाना खाडीच्या पलीकडे. मुलांनी त्याला होडीत घातले. मागे सुकाणूपाशी जागा अपुरी म्हणून पुढच्या फळ्यांवर गोधडी टाकून निजवले. खाडीच्या तोंडाशी पोहोचले तर ओहोटी लागलेली. वाळूच्या दांड्यावर पाणी उरले नव्हते. भरतीची वाट पाहणे भाग होते. मुलाने नांगर टाकला आणि वडिलांच्या सवयीने मला मागे बांधले. होडी शहाण्यासारखी उभी राहिली.

पण ऊन मी म्हणत होते, आणि ते नावाड्याच्या तोंडावर येत होते. मोठे शीड लाटांनी भिजून जड झालेले. मुलाला बापाचा तो भाजलेला चेहरा बघवेना. त्याने मला सोडले आणि पुढच्या टोकाला, बापाच्या डोक्यावर, सावलीसाठी बांधले. मायेनेच बांधले. मित्रांनो, हे विसरू नका, मायेनेच.

आता मागे काही उरले नाही आणि पुढे मी. वारा माझ्यात भरला की मी होडीचे नाक बाजूला लोटू लागले. जी खोड मोडायला मी जन्मले, तीच मी करत होते. होडी इकडून तिकडे धावू लागली.

नावाड्याचा डावा हात उठला. बोट मागच्या काठीकडे.

"दादा, बाबा शीड मागे बांधायला सांगतायत," मुलगी म्हणाली.

"अगं, त्यांना आत्ता कसलं आलंय भान? तोंड बघ कसं लाल झालंय."

"पण होडी बघ ना कशी पळतेय. दोर घासतोय रे."

"घासू दे. दोन तासांत निघायचंच आहे. तू त्यांना पाणी पाज."

नावाड्याने मूठ वळून फळीवर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा. मुलीने भावाकडे पाहिले. मोठ्या भावापुढे ती कधी बोलली नव्हती. तिने खाली मान घातली आणि बापाच्या ओठांना पाणी लावले. ते त्याने गिळले नाही.

वारा वाढला. प्रत्येक हिसक्याला दोर होडीच्या कडेवर करकरत होता. एक पीळ सुटला, मग दुसरा. मला सारे दिसत होते, पण कापडाला कुठले तोंड? तिसरा पीळ तुटला तेव्हा होडी आडवी होऊन खडकांकडे निघाली. मुलगा मोठ्या शिडाकडे धावला, पण ओले शीड अर्धे चढायच्या आतच खडक फळ्यांत घुसला.

दोघा भावंडांनी बापाला छातीभर पाण्यात खांद्यावर तोलून धरले. दुसऱ्या होड्या येईपर्यंत धरून ठेवले. "बाबा, आलेच हं लोक, आलेच," असे मुलगा म्हणत राहिला. लोक आले तेव्हा नावाड्याचे अंग गार पडले होते.

होडी पुढे दुरुस्त झाली. मुलगी ती चालवते. मुलगा किनाऱ्यावर विटा रचतो, पाण्यात पाय घालत नाही. बहिणीने त्याला कधी बोल लावला नाही, आणि त्यानेही तो विषय काढला नाही. खडकांवरून मला त्यानेच सोडवून आणले, धुतले, घडी घातली. एकदा बहीण मला न्यायला आली. "त्याला हात लावू नकोस," एवढेच तो म्हणाला. ती रिकाम्या हाताने गेली. तिची होडी आजही नांगरावर भिरभिरते आणि नवा दोर रोज थोडा थोडा झिजतो.

मित्रांनो, वस्तू जपणे म्हणजे तिला फळीवर ठेवणे नव्हे. तिचे काम ओळखा आणि तिला तिच्या जागी ठेवा. आणि तुमच्यापैकी कोणी त्या विटा रचणाऱ्या माणसाला भेटलात, तर माझा एवढा निरोप द्या. माझा त्याच्यावर राग नाही. पण मला आता त्याच्या बहिणीकडे जाऊ दे. तिचा दोर अजून तुटलेला नाही.