चारपैकी दोन पाय

त्या वर्षीचा साहित्याचा सर्वोच्च पुरस्कार सभागृहाच्या एसीवाल्याला मिळाला. पत्रकारितेचाही त्यालाच, चित्रकलेचाही त्यालाच. तासाभरात तिन्ही काढून घेतले गेले, आणि असं काही घडलंच नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं.

त्याचं असं, की संध्याकाळी खरे विजेते यायचे असले की सकाळी खोटे लागतात. खुर्चीत कुणी बसल्याशिवाय दिवा कुठे मारायचा हे लाइटवाल्या काकांना कळत नाही, आणि कुणी बोलल्याशिवाय माईक किती किंचाळेल हे साउंडवाल्याला. एसीवाला उंच होता, सकाळी मोकळा असायचा आणि कुणाला नाही म्हणत नसे. एवढ्या भांडवलावर त्याने आजवर नाही नाही ती पारितोषिकं पटकावली होती. एकदा तर नृत्यातल्या योगदानाबद्दलही. तेव्हा त्याचा गुडघा प्लॅस्टरमध्ये होता.

"या साहित्यिक, मधल्या खुर्चीत बसा!" काका वरून ओरडले. "आणि हात मागे काय लपवतोस? बक्षीस घेतोयस, छडी नाही खात."

खुर्चीच्या पाठीवर विजेत्याच्या नावाची चिठ्ठी होती. एसीवाल्याने ती वाचली नाही. आडनाव त्याचंच होतं. विजेता त्याचा सख्खा थोरला भाऊ होता, आणि हे सभागृहात कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं कुणी असतं तर सांगितलं असतं. पण एसीवाल्याला लोक एसीबद्दलच विचारतात.

दादा घर सोडून गेला त्याला वीसेक वर्षं झाली होती. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. आधी पत्रं विरळ झाली, मग फोन. आई गेली तेव्हा तो परदेशात होता. मग बरीच वर्षं काहीच आलं नाही, आणि मग पुस्तक आलं.

पुस्तकात सगळं घर होतं. आईचा खोकला होता, वडिलांचं अंथरूण होतं, कडी न लागणारी खिडकी होती. दादा परत येईपर्यंत रोज संध्याकाळी पायरीवर बसून राहणारा बारक्यासुद्धा होता. एसीवाल्याला घरात बारक्याच म्हणत. पुढे तो दादापेक्षा वीतभर उंच झाला तरी नाव काही वाढलं नाही. पुस्तकात फरक एवढाच होता, की बारक्या कुत्रा होता.

एसीवाल्याने ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. छपाईची चूक असेल अशी त्याला आशा होती. पण पुढच्याच पानावर बारक्याने शेपूट हलवली.

वाचकांनी बारक्याला डोक्यावर घेतलं. समीक्षकांना त्याच्यात निष्ठा दिसली, विरह दिसला. एकाला तर अख्खा मध्यमवर्ग दिसला. शेवटच्या प्रकरणात बारक्या पायरीवरच वाट बघत मरतो, तिथे भलेभले रडले. एसीवालाही रडला. स्वतःच्या मरणावर पोटभर रडायची सोय सगळ्यांना थोडीच मिळते!

तालमीच्या मध्येच बायकोचा फोन आला.

"अहो, भेटणार ना आज भाऊजींना?"

"बघू. गडबड असते इथे."

"बघू काय? सरळ पुढ्यात जाऊन उभे राहा. म्हणावं, ओळखलंत का, मी तुमचा कुत्रा."

"नाव तरी ठेवलंय ना त्याने."

"कुत्र्याचं ठेवलंय!"

"बदलता आलं असतं त्याला. दुसरं काहीही ठेवता आलं असतं. नाही बदललं."

बायकोने तो विषय तिथेच सोडला. मग म्हणाली, "डब्याच्या पिशवीत निळा शर्ट घातलाय इस्त्री करून. तो घाला. आणि केस नीट करा, धूळ असते तुमच्या डोक्यात."

तो पुन्हा खुर्चीत बसला आणि त्याच्या मानेवर गार वारा आला.

त्याने वर पाहिलं. वाऱ्याचा झोत नेमका मधल्या खुर्चीवर पडत होता. दादाची मान म्हणजे काचेची. लहानपणी जरा वारा लागला की ती आखडायची, आणि मग तो आठवडाभर घुबडासारखा अख्खा वळून बघायचा. म्हणून तो अभ्यासाला बसला की बारक्या ती कडी न लागणारी खिडकी हाताने दाबून धरत असे. हे पुस्तकात नव्हतं. कुत्र्याला जमलं नसतं.

झोत बंद करायची झडप विंगेत होती, पण तिचा खटका मोडलेला. एसीवाल्याने तार बांधली, चिकटपट्टी लावली, पाचर मारली. यंत्र सुरू झालं की झडप फटकन उघडायची. हाताने दाबली की मात्र गुपचूप बसायची.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. व्यवस्थापक विंगेत धावत आले. "अरे, पाहुण्यांना उकडतंय! वाढव, वाढव!"

"वाढवलंय साहेब."

"मग इथे भिंतीला टेकून काय उभा आहेस?"

"काम करतोय साहेब."

अंगात निळा शर्ट होता, धुळीसाठी तोंडाला मास्क, आणि डावा हात झडपेवर. तिथून त्याला दादाची पाठ दिसत होती. केस पांढरे झाले होते. मान सरळ होती.

सत्कार झाला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी शेवटी विचारलं, "सर, सगळ्यांच्या मनातलं विचारते. बारक्या खरा होता?"

दादाने चष्मा काढला. सभागृहात कुणी खोकेना.

"होता," तो म्हणाला. "मी निघालो त्या दिवशीही पायरीवरच बसला होता. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेलो नसतो."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. एसीवाल्याला टाळी वाजवता आली नाही. एका हाताने ती वाजत नाही.

मग दादा विंगेतून बाहेर पडायला निघाला. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. एसीवाल्यापाशी येऊन तो थांबला. "जरा धरता का हो?" म्हणाला, आणि त्याने मानचिन्ह त्याच्या उजव्या हातात दिलं. असा तो पुरस्कार एसीवाल्याला एका दिवसात दुसऱ्यांदा मिळाला.

आता दोन्ही हात गुंतले. मास्क खाली करायला तिसरा नव्हता. दादा खाली वाकला होता. झडप सोडली असती तर तिच्या फटीतून सुटणारा झोत थेट त्याच्या उघड्या मानेवर आला असता.

"मफलर घ्यायचा होता ना," मास्कमधून निघून गेलं.

"विसरलो रे," दादा नाडी बांधता बांधता म्हणाला.

मग त्याची बोटं थांबली. तो सावकाश उठला आणि त्याने मास्कच्या वरच्या डोळ्यांकडे पाहिलं. आईच्या घरात अचानक दिवा गेला की तो असंच बघायचा, काडेपेटी कुठे ठेवली होती ते आठवत.

"सर! सर, फोटो! सगळे खोळंबलेत!" व्यवस्थापकांनी मानचिन्ह एसीवाल्याच्या हातातून काढून घेतलं आणि दादाला दंडाला धरून नेलं. दारापाशी दादा क्षणभर अडखळला. मागून लोकांचा रेटा आला आणि दार मिटलं.

सभागृह रिकामं झाल्यावर एसीवाल्याने झडप सोडली. ती फटकन उघडली आणि रिकाम्या खुर्चीवर मनसोक्त वारा सुटला. हाताला मुंग्या आल्या होत्या. साउंडवाला वायरी गुंडाळत होता.

"माईक काढतोय," तो म्हणाला. "तुझं सकाळचं भाषण राहिलंय बघ, नुसताच बसून होतास. बोलायचं तर बोलून घे. पण आवाज येणार नाही हां, मेन बंद केलंय."

"चालेल," एसीवाला म्हणाला. त्याने मास्क खाली केला, केसांतली धूळ झटकली, मधल्या खुर्चीपाशी ताठ उभा राहिला आणि बंद माईकवर, सूत्रसंचालक बोलतात तशा आवाजात, म्हणाला:

"सन्माननीय निवड समिती, प्रकाशक व लेखक यांस सविनय विनंती करण्यात येते की, सदर कादंबरीच्या पुढील आवृत्तीत बारक्या यांचे चारपैकी दोन पाय कमी करण्यात यावेत, शेपूट वगळण्यात यावी, आणि घर सोडून निघताना लेखकाने एकदा मागे वळून पाहावे. याबाबत निर्णय होईपर्यंत बारक्या यांना पायरीवर बसून राहण्यास मुदतवाढ मिळावी."