घरटी एक लाकूड

भिकाजी गेला तो मे महिन्यातल्या भर दुपारी, आणि सुलोचनाच्या मनात पहिली गोष्ट काय आली माहितीय? 'माझी फी गेली.' बापूस खाटेवर अजून गरम, आणि हिच्या डोक्यात म्हापशाचा नर्सिंगचा कोर्स! तिने स्वतःच्याच तोंडावर ओढणी दाबली.

पण भीती खोटी नव्हती. भिकाजीने खाणीवर ट्रक चालवून लेकीच्या कोर्सासाठी पैसे साठवलेले, पत्र्याच्या पेटीत. पेटीची चावी आता तिच्या थोरल्या भावाकडे, सगुणकडे. आणि सगुण म्हणजे माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात एक खिळा पक्का ठोकलेला. आपण दोडामार्गातून आलेले, भाड्याच्या खोलीत राहणारे, गोव्यातल्या या लाटंबार्शे गावच्या वाड्यातले, म्हणजे वस्तीतले, लोक आपल्याला नावं ठेवणार. इतकी वर्षं इथलं पाणी प्यायला, डिचोलीच्या गॅरेजात इथल्याच पोरांबरोबर कामाला, तरी तो खिळा काही निघेना!

"कोणाकडे हात पसरूचो नाय," तो डोळे पुसत म्हणाला. "बाबांचा सगळा रुबाबात करतलंय. लाकडां डिचोलीच्या वखारीतून. आणि बाराव्याक अख्ख्या वाड्याक जेवण."

"दादा, अख्खो वाडो?"

"मग काय, अर्धो?"

आणि पेटी उघडून, पैसे खिशात कोंबून तो गेलासुद्धा. मेलेल्या बापाच्या उशाशी बसून सुलोचनाने फीबद्दल कसं बोलायचं, सांगा तुम्हीच!

तिरडी उठली. बायका घरीच राहिल्या. शेजारची सुमंगलाकाकी पाण्याचं भांडं घेऊन दारात उभी होती. तेवढ्यात लाकडांनी गच्च भरलेला टेम्पो मसणाच्या वाटेने धुरळा उडवत गेला. आणि त्याच्यामागून, बघते तर काय, एकेका घरातून एकेक बाप्या खांद्यावर एकेक लाकूड घेऊन चाललेला! कोणाकडे आंब्याचं, कोणाकडे काजूचं. घरमालक गोकुळदासकाका तर सत्तरीचे, तेही ओंडक्याखाली वाकून.

"काकी, ही माणसां लाकडां घेवन खंय चाल्ली?"

"खंय म्हणजे? तुझ्या बापायक पोचवूक! मयत झालां की घरटी एक लाकूड, ही वाड्याची रीत. तुझो बापूस पण न्हेतालो की! सगुणाक ठाऊक ना?"

ठाऊक होती हो! पण त्याला वाटलेलं, रीत गावच्यांसाठी, आपल्याला कोण आणून देणार? सुलोचनाने मनातल्या मनात हिशेब केला. म्हणजे तो टेम्पो फुकट. फी त्याच्यात.

संध्याकाळी सगळे परतले, अंगणात कडुलिंबाचा पाला चावून बसले. गोकुळदासकाकांचा चेहरा लाल.

"सगुण, टेम्पोभर लाकडां कित्याक आणलंस रे? भिकाजी एकटोच गेलो मां? की सगळ्या वाड्याकच पोचवतलंस?"

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"काका, म्हटलं तुमका कशाक त्रास..."

"त्रास! आम्ही खांद्यार आणलां, तू टेम्पो दाखवलंस!"

"अर्धी रास तशीच पडलीय," बाजूचा धाकू म्हणाला. "वखारवालो परत घेवचो ना. मसणात टेकलेलां लाकूड चुलीक पण चलना."

सगुणची मान खाली. "चुकलां माझा. बाराव्याक सगळ्यांका पोटभर जेवण घालून भरून काढतंय."

"नाय!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. सुलोचना दारात उभी.

"दादा, ते पैसे माझ्या कोर्साचे. बाबांनीच ठेवलेले. लाकडांत गेले ते गेले. उरलेले जेवणात घातलंस तर मी शिकतलंय कशी?"

"सुलू! आजच्या दिवशी?"

"माका लाज वाटता. दुपारपासून वाटता. तरी सांगतंय."

मग गोकुळदासकाकांनी काठी आपटली.

"सगुण, वाड्याचो अपमान केलंस. दंड पडतलो."

"किती?" सगुण पांढराफटक.

"बाराव्याक चूल तू पेटवची नाय! तांदूळ, नारळ, भाजी, सगळां वाड्यातून येतलां. लाकूड घरटी, तसां जेवण पण घरटी. आणि ती उरलेली रास. पावसात सुक्या लाकडाची बोंब, म्हणून दर वर्षी आम्ही मसणाच्या पडवीत साठो करतो. औंदा तुझीच लाकडां रचू. वाड्याच्या फंडातून पैसे देतो."

"छे छे काका, पैसे नको..."

"होय! होय! पैसे होये!" सुलोचना इतक्या जोरात ओरडली की सगळं अंगण हसलं. सगुणसुद्धा. हसता हसता रडायलाच लागला आणि धाकूने त्याला मिठीत घेतला.

बाराव्याच्या आदल्या दिवशी तिला मोटरसायकलवर बसवून म्हापशाला फी भरायला सगुणच घेऊन गेला. कॉलेजच्या दारात म्हणाला, "माका आधी सांगूचा मां गो."

बाराव्याला अंगणात वाड्याचीच भांडी, वाड्याचीच माणसं. एका बाजूला भजन, दुसऱ्या बाजूला खतखत्याच्या भाजीत मीठ कमी की जास्त यावरून बायकांचं भांडण. सुमंगलाकाकीने खिरीच्या टोपाजवळून उठून सुलोचनापुढे हात धरला.

"गो, माझां बीपी बघ."

"काकी, अजून कोर्स सुरू पण जावंक ना!"

"मगे हात तरी धर."

सुलोचनाने मनगट धरलं, नाडी शोधली, सापडली. "काकी, किती जोरात धावता ही!"

"धावतली नाय तर काय! खीर करपता थंय! सोड, सोड गो!"