ऊन लगा है

जयपूरला बदली झाल्यापासून रत्नमालेचा नवरा जनार्दन सगळ्यांना ऐकवायचा, "भुसावळच्या माणसाला ऊन काय करणार?" मे महिन्यात तो उघड्या डोक्याने सोडाल्याच्या बाजारात भाजी आणायला गेला आणि चक्कर येऊन पडला.

"डॉक्टरसाब, इनको ऊन लगा है," रत्नमाला दवाखान्यात म्हणाली.

डॉक्टरांनी जनार्दनची मान निरखली. "इस गर्मी में स्वेटर किसने पहनाया?"

हिंदीत ऊन म्हणजे लोकर, हे नर्सने समजावलं, तेव्हा कुठे सलाईन लागली.

"पहलेवाली गर्मी अब रही नहीं, बहुत बढ़ गई है," डॉक्टरांनी बजावलं. "सिर ढककर निकलिए."

दुसऱ्या दिवशी तपासणीला निघताना टोपी कुठून सापडणार, आयुष्यात घेतली असेल तर ना. रत्नमालेने हिवाळ्यातला लोकरी मफलर भिजवून त्याच्या डोक्याला करकचून बांधला.

डॉक्टर म्हणाले, "हाँ, अब लगा है ऊन."